त्यांच्या पेल्यातले पाणी

(प्रायश्चित्तकाळातील तिसऱ्या रविवारचे चिंतन)



आजचे शुभवर्तमान आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. भर दुपारी, वाटचालीने थकलेला प्रभू येशू शोमरोनातील सूखार गावाबाहेर याकोबाच्या विहिरीवर टेकला आहे. शिष्य खायला आणण्यासाठी गावात गेले आहेत. विहीर खोल आहे आणि प्रभूजवळ पोहरा नाही. तेवढ्यात एक शोमरोनी बाई घागर घेऊन येते. प्रभू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो.

या उताऱ्यावर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. बहुतेक वेळा बोलणे होते ते प्रभूने तिला देऊ केलेल्या जिवंत पाण्याविषयी आणि तिच्या आयुष्याविषयी. आज आपण त्याच्या अगोदरच्या एका क्षणापाशी थांबू या. प्रभूने काही देण्याआधी मागितले. तेही अशा बाईकडे, की जिच्या भांड्याला यहुदी माणूस सहसा हात लावत नसे. यहुदी आणि शोमरोनी यांचा एकमेकांशी व्यवहार नव्हता, असे संत योहान तेथे नोंदवून ठेवतो. त्याने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा एक अर्थ ‘एका भांड्यातून खाणेपिणे न करणे’ असाही घेतला जातो. हे वैर शेकडो वर्षांचे होते. शोमरोनी लोकांचे रक्त परक्यांशी मिसळलेले, त्यांची उपासना अशुद्ध, असे यहुदी मानीत. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात यहुदी सत्ताधीशाने त्यांचे गरिज्जीम डोंगरावरचे मंदिरही पाडले होते. म्हणून प्रभूने पाणी मागताच ती बाई चकित झाली. शिष्य परत आले, तेही चकित झाले.

आता विहिरीवरून आपण आपल्या चर्चमध्ये येऊ या.

गेली काही वर्षे रविवारच्या मिस्सेला शेवटच्या दोन बाकांवर दहा-बारा तरुण येऊन बसतात. दोन-तीन जणांबरोबर त्यांच्या बायका आणि लहान मुले असतात. ही मंडळी झारखंडातील सिमडेगा, छत्तीसगडातील जशपूर या भागांतून आलेली, उराँव, मुंडा, खडिया समाजांची आहेत. एमआयडीसीत पाळीने काम करतात. आपापसांत सादरी बोलतात. त्यांचा रंग आपल्यातील अनेकांहून सावळा, चेहऱ्याची ठेवण वेगळी. ती आपल्यासारखीच कॅथलिक आहेत, किंबहुना भेटल्यावर ‘जय येसु’ म्हणून हात जोडण्याची त्यांची रीत आपण शिकावी अशी आहे. पण शांतीचे चिन्ह देण्याची वेळ येते तेव्हा काय होते, हे वेदीवरून आम्हांला स्पष्ट दिसते. पुढच्या बाकांवरची शांती मध्यापर्यंत येते. मागच्या बाकांवरची मंडळी एकमेकांना शांती देतात. मध्ये दोन रिकामे बाक असतात आणि ते ओलांडून सहसा कोणाचा हात जात नाही.

गेल्या वर्षी त्यांच्यातील एका जोडप्याच्या बाळाचा स्नानसंस्कार होता. त्यांचे नातेवाईक हजार-दीड हजार किलोमीटरवर. धर्मपिता-धर्ममाता म्हणून आपल्यापैकी कोणी उभे राहावे, अशी त्यांनी विनंती केली. आम्ही तीन घरी विचारले. एका घरी लग्न होते. दुसऱ्या घरी ‘भाषेची अडचण’ निघाली. तिसऱ्या घरी ‘फादर, ते लोक उद्या निघून जातील, मग जबाबदारी कशी निभावणार?’ असे म्हणाले. कोणीही वाईट शब्द काढला नाही. तिन्ही घरी आम्हांला चहा मिळाला. बाळाच्या आईने मात्र काही न विचारता सगळे ओळखले. त्या आठवड्यात ती मिस्सेला आली नाही.

बंधू-भगिनींनो, हे ‘वाईट शब्द न काढणे’ समजून घ्यायचे असेल, तर आपल्याच जिल्ह्यांतील एक स्टेशन आठवू या. पुणे-मिरज लोहमार्गावर साताऱ्याच्या पुढे मसूर नावाचे स्टेशन आहे. १९०१ सालची गोष्ट. साताऱ्याहून चार मुले आगगाडीने तेथे उतरली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे घातलेली. त्यांतील एक नऊ-दहा वर्षांचा भीमराव होता. त्यापूर्वीच्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, त्याचे नाव साताऱ्याच्या शाळेत घातले गेले होते. तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. भीमरावांचे वडील खटाव तालुक्यातील गोरेगावी, दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुले त्यांच्याकडे सुटीला निघाली होती. पत्र वेळेवर न पोहोचल्याने न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तर आपणहून जवळ आला आणि आपुलकीने चौकशी करू लागला. चांगल्या घरची मुले दिसतात, असे त्याला वाटले. मुलांनी निरागसपणे आपली जात सांगितली. त्या क्षणी स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. तो वळला आणि आपल्या खोलीत निघून गेला. दुप्पट भाडे देऊ केले तरी गाडीवान त्या मुलांना गाडीत घेऊन हाकायला तयार होईनात. शेवटी, मुलांनी स्वतः बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. रात्री टोलनाक्यावर मुलांकडे जेवणाचा डबा होता, पण कोणी पाणी दिले नाही. ती उपाशी झोपली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे ही हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे.

तो स्टेशनमास्तर दुष्ट नव्हता, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. तो मायाळू होता म्हणूनच मुलांजवळ आला होता. मुले तीच, कपडे तेच, डोळ्यांतली भीती तीच. बदलले ते फक्त एक नाव. त्या एका नावाने समोरचे मूल झाकले गेले. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला शिकवत असत, की माणूस आधी पाहतो आणि मग त्या वस्तूला नाव देतो. मसूरच्या स्टेशनावर उलटे घडले. नाव कानी पडले आणि पाहणे थांबले. आपल्या शेवटच्या बाकांपाशी हेच होत नाही ना? ‘ते भय्ये’, ‘ते लेबर’, ‘ते झारखंडवाले’ असे म्हटले की मग त्या तरुणाचे नाव काय, त्याची आई आजारी आहे का, रात्रपाळी करून तो झोप न घेता मिस्सेला आला आहे का, हे पाहायची गरज उरत नाही.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, ‘फादर, वर्णभेद अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत. आपल्याकडे तसे काही नाही.’ ज्या खटाव तालुक्यात भीमरावाचे वडील नोकरीला होते, त्याच तालुक्यातील कटगुण हे महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतील काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केली. तिकडचा वर्णभेद आणि इकडचा जातिभेद यांचे नाते त्यांना दीडशे वर्षांपूर्वी दिसले होते. १९५९ साली डॉ. मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतील अस्पृश्य बांधव’ अशी करून दिली. किंग यांना प्रथम धक्का बसला, थोडा रागही आला. मग आपल्या देशातील काळ्या लोकांची दैना त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि त्यांनी मनाशी कबूल केले, की होय, आम्हीही अस्पृश्यच आहोत. हा प्रसंग त्यांनी स्वतः पुढे एका प्रवचनात सांगितला. आपण मात्र अजून ‘आमच्याकडे नाही’ असेच म्हणत बसलो आहोत. लग्नाच्या स्थळासाठी ‘गोरी मुलगी’ शोधतानाही आपल्याला ते आठवत नाही.

ख्रिस्तसभेने मात्र हे नाकारलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी वंश, रंग वा धर्म यांवरून होणारा कोणताही भेदभाव ख्रिस्ताच्या मनाविरुद्ध असल्याचे जाहीर केले. भारतातील बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध करताना आपल्या ख्रिस्तसभेतही जातिभेद आहे, अशी कबुली दिली. आजार मान्य केल्याशिवाय औषध लागू पडत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात द्वेष नाही, यावर आमचा विश्वास आहे. मग मधले दोन बाक रिकामे का राहतात? निकोल शेल्टन आणि जेनिफर रिचसन या दोन मानसशास्त्रज्ञ भगिनींनी २००५ साली अमेरिकेतील विद्यापीठांत गोऱ्या व काळ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही गटांतील मुलांना एकमेकांशी ओळख वाढवावी असे वाटत होते. पण दोन्ही गट असेच समजत होते, की आपल्याला इच्छा आहे, त्यांना नाही. स्वतः पुढे न जाण्याचे कारण प्रत्येक जण ‘ते आपल्याला झिडकारतील ही भीती’ असे सांगत होता. समोरचा पुढे येत नाही याचे कारण मात्र ‘त्याला आपल्यात रस नाही’ असे धरून चालत होता. म्हणजे भीती दोन्हीकडे सारखीच, पण आपली ती भीती आणि त्यांचा तो तुटकपणा!

आम्ही हे आपल्या चर्चमध्ये पडताळून पाहिले. त्या तरुणांपैकी एकाला विचारले, ‘पुढे का बसत नाही?’ तो म्हणाला, ‘फादर, वो लोग को अच्छा नहीं लगेगा.’ पुढच्या बाकांवरील एका गृहस्थांना विचारले, ‘त्यांच्याशी बोलत का नाही?’ ते म्हणाले, ‘फादर, त्यांना त्यांच्यातच राहायला आवडतं.’ दोघेही खोटे बोलत नव्हते. त्यात आणखी एक अडचण आहे. आपल्या तोंडून काही चुकीचे निघेल, या धास्तीने माणूस परक्याशी बोलताना ताठरतो, नजर चुकवतो, दोन वाक्यांत बोलणे आटोपतो. समोरच्याला तो ताठा वाटतो. दोघेही घरी जाताना मनात म्हणतात, ‘बघ, मी म्हणत होतो ना!’

यावर उपाय काय? गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली सांगितले, की नुसते जवळजवळ राहिल्याने पूर्वग्रह जात नाहीत. भेट बरोबरीच्या नात्याने व्हावी लागते, दोघांपुढे एकच काम असावे लागते, ते एकमेकांच्या मदतीने करावे लागते आणि वडीलधाऱ्यांचा, संस्थेचा त्याला पाठिंबा असावा लागतो. पुढे जगभरातील पाचशेहून अधिक अभ्यास २००६ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा माणसे एकमेकांना भेटली की सर्वसाधारणपणे पूर्वग्रह ओसरतात, असेच दिसून आले. हे आपल्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठाने ते अनुभवले आहे. पाणी घरात शिरले तेव्हा नावेत हात देणाऱ्याची जात, रंग, भाषा कोणी विचारली? छावणीत खिचडी वाढणाऱ्याचे आडनाव कोणी विचारले? त्या दिवसांत आपण घेणारे होतो. पाणी ओसरले, आपण पुन्हा देणारे झालो आणि मधले अंतर परत आले.

येथे आपण पुन्हा विहिरीपाशी पोहोचतो. प्रभू येशूला त्या बाईचे भले करायचेच होते. मग तो सरळ उपदेश का करीत नाही? कारण देणारा नेहमी वरच्या पायरीवर असतो. जुने कपडे देणे, नाताळला केकचे पाकीट देणे, औषधाला पैसे देणे हे चांगलेच आहे आणि आपले धर्मग्राम त्यात कमी नाही. पण देताना आपला हात वर आणि त्यांचा खाली असतो. मागणाऱ्याला मात्र खाली उतरावे लागते. प्रभूने पाणी मागितले आणि त्या बाईच्या हाती काहीतरी देण्याजोगे आहे, हे तिला दाखवून दिले. तिच्याशी बरोबरीचे बोलणे त्यानंतर सुरू झाले. शेवटी ती घागर तेथेच ठेवून गावात धावली आणि सारा गाव प्रभूकडे घेऊन आली.

हे सांगताना आम्हांला आमची कबुलीही द्यायला हवी. त्या तरुणांनी आम्हांला त्यांच्या खोलीवर रोझरीसाठी तीनदा बोलावले होते. दोनदा आम्ही ‘वेळ नाही’ म्हणालो. तिसऱ्यांदा गेलो. पत्र्याची खोली, सहा जण राहतात. प्रार्थना झाल्यावर त्यांनी बिनदुधाचा लाल चहा केला. पेले दोनच होते. एक आमच्या हाती दिला. खरे सांगतो, पेला हातात घेताना आमची नजर आधी त्याच्या काठावर गेली. क्षणभरच. पण समोर उभ्या असलेल्या मुलाने ते पाहिले. तो काही बोलला नाही, पेला परत घेऊन पुन्हा धुऊन आणला. रोज वेदीवर कटोरा उचलणारे हे हात, आणि एका स्टीलच्या पेल्याशी अडखळले! मसूरचा स्टेशनमास्तर आपल्यापासून दूर नाही, हे आम्हांला त्या दिवशी समजले. चहा आम्ही प्यायलो. दुसऱ्यांदा मागून घेतला. मग गप्पा रंगल्या. तिकडे मडुआ म्हणतात ती आपली नाचणीच, हे कळले. त्यांच्या गावात ख्रिस्तजन्माला मांदर वाजवून रात्रभर नाचतात, हे कळले.

आपल्या सांगली जिल्ह्याला तर ‘परका’ होणे म्हणजे काय ते नव्याने सांगायला नको. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळच्या दुष्काळी भागातून गलाईचे काम करणारे आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या देशभर पसरले आहेत. केरळपासून बंगालपर्यंत सराफ बाजारांतील बोळांत सोने-चांदी गाळीत बसलेले हे आपले बांधव तिकडे भाषा न येणारे, वेगळे दिसणारे, ‘बाहेरचे’ असतात. त्यांना परगावी कोणी तरी पहिल्यांदा नावाने हाक मारली असेल, सणाला घरी बोलावले असेल. तो कोणी तरी आज इथे आपण व्हायचे आहे.

आणि ज्यांना आपण शेवटच्या बाकावर ठेवले, ते आपल्याकडे केवळ घ्यायला आलेले नाहीत. त्याच छोटा नागपूरच्या उराँव समाजातील तेलेस्फोर टोप्पो २००३ साली कार्डिनल झाले. आशियातील आदिवासींमधून आलेले ते पहिले कार्डिनल. २००५ आणि २०१३ अशा दोन्ही वेळी परमगुरूंच्या निवडणुकीत त्यांनी मतदान केले. २०२३ साली ते प्रभूघरी गेले. ज्या समाजाने विश्वव्यापी ख्रिस्तसभेला परमगुरू निवडणारा हात दिला, त्या समाजाच्या हाताला हात लावताना आपण अवघडतो!

त्या बाळाच्या स्नानसंस्काराचे काय झाले, ते सांगायचे राहिले. चौथ्या घरी आम्ही गेलो नाही. आपल्यातील एक आजी स्वतःच पुढे आल्या. त्यांना हिंदी येत नाही. समारंभानंतर त्या बाळाच्या आईजवळ बसल्या आणि खुणांनी, मोडक्यातोडक्या शब्दांत त्यांनी तिला विचारले, ‘तुमच्याकडं बाळाला झोपवताना काय म्हणतात गं? मला शिकव की.’ ती मुलगी लाजली, मग हळू आवाजात गाऊ लागली. आजी तिच्यामागून म्हणत होत्या, चुकत होत्या, दोघी हसत होत्या. आजींनी बाळासाठी आणलेले अंगडे पिशवीतच राहिले होते. ते त्यांना नंतर आठवले. आजचे शुभवर्तमान आम्हांला त्या दिवशी मंडपात वाचायला मिळाले.

म्हणून या प्रायश्चित्तकाळात आपण काही ठरवू या. येत्या रविवारी प्रत्येक विभागातील एका कुटुंबाने मागच्या बाकावर जाऊन बसावे आणि शेजारच्याचे नाव विचारून ते लक्षात ठेवावे. पुनरुत्थान सणाआधी प्रत्येक विभागाने एकदा त्यांच्या खोलीवर रोझरीला जावे. काही घेऊन जाऊ नये, त्यांनी दिलेला चहा घेऊन यावे. आपल्या गायनवृंदाने त्यांच्याकडून सादरीतील एक गीत शिकावे आणि पुनरुत्थानाच्या रात्री ते सर्वांनी मिळून गावे. पवित्र गुरुवारी आम्ही ज्यांचे पाय धुऊ त्या बारा जणांत त्यांच्यातील दोघे असतील, आणि पुढच्या पॅरिश कौन्सिलमध्ये त्यांचा प्रतिनिधी असेल. यात आम्हांला तुमची साथ हवी.

कराडला प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा अगदी समोरासमोर येऊन भेटतात. कोणी कोणाला वाट देण्यासाठी थांबत नाही, कोणी कोणाच्या मागे राहत नाही. तेथून सांगलीकडे जे पाणी येते त्यातील कोयनेचे कोणते आणि कृष्णेचे कोणते, हे कोणाला सांगता येईल? आपल्या चर्चमधले मधले दोन बाक असेच भरून जावोत.

हे प्रभू येशू, तू तहानलेला होतास आणि परक्या बाईच्या घागरीतले पाणी मागण्यात तुला कमीपणा वाटला नाही. आम्हांला देण्याचा अभिमान आहे, आम्हांला मागण्याची नम्रता दे. आमच्या भावाच्या पेल्याचा काठ पाहणारी आमची नजर त्याच्या चेहऱ्याकडे वळव. आमेन.

ख्रिस्तात आपले,
धर्मगुरू